जाहिरात लागली की आवाज बंद

लातूरजवळच्या मुरुडात बसलिंगप्पांच्या घरातल्या टीव्हीच्या रिमोटवर एका बटणाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलेला आहे. आवाज बंद करायचं ते बटण. अप्पांच्या अंगठ्याने त्यावरचं चित्र पार झिजून गेलं आणि एकदा चुकून भलतंच बटण दाबलं जाऊन घरात दाढीच्या साबणाची जाहिरात दणाणली, तेव्हा नात अक्षराने आपल्या बाटलीतला ठिपका त्यावर ठेवला. तेव्हापासून अप्पांचा नेम चुकला नाही.

संध्याकाळी सातला केबलवर तासभर गावच्या बातम्या लागतात. कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुठला रस्ता उखडला, कोण वारलं. अप्पा दुकान सुनेवर सोपवून त्या वेळेला घरी येत आणि कपाळावरच्या भस्माच्या रेघा नीट करून टीव्हीपुढे बसत. बातमी संपून जाहिरात यायच्या आत, नुसती ती येणार अशी चाहूल लागली की, अंगठा ठिपक्यावर. शिवाय तोंड भिंतीकडे. भिंतीवर घड्याळ होतं, ते बघत बसायचं. तोंडं हलणाऱ्या मुक्या माणसांकडे बघणंसुद्धा त्यांना फसवणुकीत भागीदार झाल्यासारखं वाटायचं.

"अवं, निदान बगा तरी," त्यांच्या पत्नी महानंदाबाई म्हणत. "चित्रं चांगली असत्यात."

"चित्र चांगलंच असतंय. माल सडका असला की चित्र जास्त चांगलं काढावं लागतंय."

जाहिरातींचा असा दुस्वास करणारा माणूस स्वतः दुकानदार होता, हे आधी सांगायला हवं. पन्नास वर्षं झाली, अप्पांचा तेलाचा घाणा आणि त्याला लागून दुकान आहे. करडी, शेंगदाणा, तीळ, एवढंच. दुकानावर पाटी आहे, पण तिचा रंग उडून नाव दिसेनासं झाल्याला वीस वर्षं झाली असतील आणि अप्पांनी ती रंगवली नाही. गिऱ्हाईक आलं की त्याने हात पुढे करायचा. अप्पा त्याच्या तळहातावर तेलाचे दोन थेंब सोडत. गिऱ्हाइकाने चाटून बघायचं आणि मग काय ते बोलायचं. रोजचं गिऱ्हाईक असलं तरी सुटका नव्हती. एकदा एक घाईतला मास्तर म्हणाला, "अप्पा, द्या की तसंच, मला काय तुमचं तेल नवं हाय का?" तर अप्पा म्हणाले, "तुमाला नवं न्हाई, पर आजचं तेल नवं हाय." मास्तरांना चाटावंच लागलं.

आणि याच्याही पलीकडची एक गोष्ट होती. अप्पांच्या गळ्यात, धोतरावरच्या पांढऱ्या सदऱ्याच्या आत, लिंगाची चांदीची डबी असे. जन्मल्यापासून गळ्यात पडलेली ती वस्तू. एखादं परगावचं गिऱ्हाईक फारच शंका काढू लागलं तर अप्पा सदऱ्यावरून त्या डबीवर हात ठेवत आणि म्हणत, "भेसळ न्हाई." दोन शब्द. वर्षातून तीन-चार वेळाच हात तिथे जायचा, आणि गेला की पुढे कुणी तोंड उघडायचं नाही. मुरुडात तंटे मिटवताना लोक म्हणत, "अप्पांनी डबीला हात लावला, आता खरं-खोटं करत बसू नगा."

अशा माणसाला जाहिराती पटाव्यात तरी कशा? त्यांचं म्हणणं साधं होतं. खरं एकदा सांगितलं की पुरतं. तीच गोष्ट एका तासात अकरा वेळा सांगावी लागते, म्हणजे सांगणाऱ्यालाच तिचा भरवसा नाही. आणि बातमीपेक्षा जाहिरातीचा आवाज मोठा का? उथळ पाण्याला खळखळाट फार! ती बाई भांडी घासताना एवढी हसते कशाला? महानंदाबाईंनी पन्नास वर्षं भांडी घासली, एकदाही हसल्या नाहीत. पांढरा कोट घातलेला तो माणूस कुठल्या दवाखान्यातला? तो दातांचं सांगतो, महिन्याने तोच माणूस टोपी घालून सिमेंट विकतो. सगळ्यात राग याचा यायचा की हे लोक समोरच्याला खुळा समजतात. पोरगी गोरी झाली म्हणून नोकरी लागली! अप्पा चिडून म्हणत, "आपल्याच घरात येऊन आपल्यालाच येड्यात काढायचं, आणि आपण चहा पीत बगायचं?"

हे तत्त्वज्ञान ते दुकानात बसूनही वाटत असत, फुकट. त्याची सगळ्यात भाविक श्रोती होती साखराबाई. दोन गल्ल्या सोडून राहणारी, साठी उलटलेली, एकटी बाई. मुलगा पुण्याला. रोज दुपारी येऊन दुकानाच्या पायरीवर बसायची आणि अप्पा बोलले की मान डोलवायची. "अप्पा, तुमी म्हणताव ते खरं हाय. ज्याचं त्यो दुकान चालवून राहिला."

दिवाळीनंतर गावाचं काहीतरी बिनसलं.

पहिल्यांदा अप्पांच्या लक्षात आलं ते ज्ञानोबा शिंप्यामुळे. ज्ञानोबा तेल न्यायला आला, अप्पांनी पळी उचलली, तर गड्याने हातच पुढे केला नाही. "ऱ्हाऊ द्या अप्पा," तो दात काढून म्हणाला, "आता काय चव बगायची? तुमी सांगितलंय म्हणल्यावर झालं की."

"म्या काय सांगितलं?"

"घ्या! आता मलाच इचारा," म्हणून तो डोळा मारून निघून गेला.

अप्पांच्या मनात पाल चुकचुकली. ज्ञानोबाने गेल्या तीस वर्षांत डोळा मारला नव्हता. दोन दिवसांनी औशाकडची चार माणसं जीप करून आली, त्यांनी पाच-पाच लिटर करडीचं तेल घेतलं. त्यांनीही हात पुढे केले नाहीत. त्यातला एक तर अप्पांच्या पाया पडला. तेलवाल्याच्या पाया कोण पडतं? शाळेतली पोरं दुकानावरून जाताना छातीवर हात ठेवून चालत आणि खिदळत.

घाण्याचं तेल दुप्पट खपू लागलं. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. अप्पांची झोप उडाली. विनाकारण वाढलेल्या गिऱ्हाइकीचा त्यांना विनाकारण आलेल्या तापाइतकाच संशय येई. मुलगा राजशेखर तेलात काही मिसळतोय का? सकाळी तो यायच्या आत अप्पांनी प्रत्येक डबा उघडून हुंगला, चाखला. तेल चोख होतं. मग राजशेखरची नजर का चुकते? 'बाबा' म्हणताना त्याचा आवाज अलीकडे एवढा मऊ का झाला? आणि महानंदाबाई! संध्याकाळी अप्पांनी आवाज बंद करून भिंतीकडे तोंड फिरवलं की त्या टीव्हीकडे बघून गालात हसत. घड्याळाच्या काचेत अप्पांना ते हसू दिसलं. दोनदा दिसलं.

"काय झालं हसाया?"

"काई न्हाई. आपलं असंच."

पन्नास वर्षांच्या संसारात 'आपलं असंच' हे उत्तर त्यांना फक्त एकदा मिळालं होतं, महानंदाबाईंनी न सांगता भावाला सायकल घेऊन दिली तेव्हा. कुठेतरी पाणी मुरत होतं. सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि आपल्यालाच नाही, असं काहीतरी आहे, एवढं अप्पांनी ओळखलं. पण विचारायचं कुणाला? शंका घेणारा माणूस विचारत नाही, टेहळतो. अप्पा टेहळत राहिले, आणि नेमकं जिथे बघायचं तेवढं सोडून सगळीकडे बघत राहिले.

मग एका दुपारी साखराबाई दुकानाच्या पायरीवर बसायला आली आणि बसण्याऐवजी कोसळली.

अप्पांनी आणि सुनेने तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि त्यांचा चेहराच बदलला. "आजी, गोळी चालू आहे ना?"

साखराबाई डोळे मिटूनच बोलली. "बंद केली. म्हैना झाला. सकाळी दोन चमचे करडीचं तेल घेते."

"कुणी सांगितलं हे?"

"अप्पांनी."

अप्पा कॉटच्या पायथ्याशी उभे होते. त्यांना वाटलं, बाईला भ्रम झाला.

"म्या? म्या कवा सांगितलं?"

"टीव्हीवर की," साखराबाई म्हणाली. "रोज सांगताव. डबीला हात लावून."

डॉक्टरांनी अप्पांकडे बघितलं. ते बघणं अप्पांना थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

त्या संध्याकाळी बसलिंगप्पांच्या घरी वीस वर्षांत पहिल्यांदा जाहिरात मुद्दाम मोठ्या आवाजात लावली गेली. राजशेखर उठून बाहेर निघाला होता, अप्पांनी त्याला बोटाने खाली बसवलं. चोराच्या मनात चांदणं असतं. तो आधीच घामाघूम झाला होता. महानंदाबाई दाराला टेकून उभ्या होत्या.

आधी बासरी वाजली. मग घाणा दिसला, मग अप्पा दिसले. पांढरा सदरा, कपाळावर भस्म, आणि हात डबीवर. ओठ हलले. पण त्या ओठांतून जो आवाज आला तो अप्पांचा नव्हता. गोल, गुळगुळीत, शहरातला कुणीतरी बोलत होता: "मी बसलिंगप्पा, शपथेवर सांगतो. आमचं लाकडी घाण्याचं करडीचं तेल रोज दोन चमचे, आणि रक्तदाब, हृदयविकार कायमचे दूर! गोळ्यांना निरोप द्या!" पुन्हा बासरी. पुढच्या वीस मिनिटांत तेच आणखी तीनदा लागलं. अप्पांनी चारही वेळा पूर्ण ऐकलं.

"कुठून आलं हे?" त्यांनी विचारलं.

राजशेखरने मग एकेक करून सांगितलं. दिवाळीत एक बाई तेलात भेसळ आहे म्हणून हटून बसली होती, तेव्हा अप्पांनी डबीला हात लावला होता. ते राजशेखरने मोबाईलवर घेतलं. लातूरच्या एका जाहिराती करणाऱ्याने त्यावर आवाज चढवला. काय बोलायचं तेही त्यानेच लिहिलं. "बाबा, बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. शहरातल्या घाण्याच्या तेलाला बाटलीवर नुसतं चित्र असतंय, तरी लोक उड्या टाकत्यात. आपलं चोख असून…"

"आणि तुला मालूम होतं?" अप्पा महानंदाबाईंकडे वळले.

"तुमी टीव्हीत लई चांगले दिसत व्हताव," त्या हळूच म्हणाल्या. "आवाज बंद असायचा. काय बोलतंय ते मला बी ऐकू आलं न्हाई. मला वाटलं, भेसळ न्हाई तेवढंच म्हणत असाल."

म्हणजे अप्पांनी स्वतःच दाबलेल्या त्या लाल ठिपक्याने घरातल्या दोघांनाही बहिरं करून ठेवलं होतं. त्यांना प्रचंड राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. "तोंड माझं आणि जबान दुसऱ्याची," ते म्हणाले. "साखराबाई मेली असती, राजशेखर. माझ्या डबीवर इमान ठेवून मेली असती." मग म्हातारा माणूस सगळ्यांदेखत रडला. राजशेखरने पाय धरले, तेही त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाहिरात बंद झाली. पण अप्पांचं तेवढ्याने भागेना. ज्या मापाने दिलं त्याच मापाने परत घ्यायला हवं, हा दुकानातला न्याय. टीव्हीवर खोटं गेलं, तर टीव्हीवरच खरं जायला पाहिजे. त्याच जागी, त्याच वेळेला, तितकेच दिवस. त्यांनी घाण्याजवळ उभं राहून, स्वतःच्या चिरक्या आवाजात, पाठ न करता सांगितलं: "आधीचं बोलणं माझं न्हाई. तेलानं भाजी होती, औषध होत न्हाई. गोळ्या सोडू नका. सोडल्या असतील तर आजच चालू करा." आणि लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून डबीवर हात ठेवला. राजशेखर म्हणाला, मागे थोडी बासरी टाकू. अप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की बासरीचं नाव पुन्हा निघालं नाही.

एक गोष्ट मात्र अप्पांनी केली नाही, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. साखराबाई दवाखान्यातून घरी आल्यावर ते तिला भेटायला गेले, मोसंबी घेऊन गेले, अर्धा तास बसले. पण 'ते खोटं होतं' एवढं त्यांच्या तोंडून निघालं नाही. डॉक्टरांनी बजावलंच असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तिने आपल्याकडे बघितलं की ते मोसंबी सोलू लागत. पन्नास वर्षांत मिळवलेलं एका वाक्यात जाणार होतं. ते वाक्य टीव्हीने बोलावं, आपण समोर नसावं, अशी त्यांची इच्छा होती. बोलले ते एवढंच, "बाई, ह्या जाहिराती ऐकत जाऊ नगा. लागली की आवाज बंद करा." आणि अक्षराची नेलपॉलिशची बाटली खिशात घालून नेली होती, तिच्याही रिमोटवर लाल ठिपका ठेवून दिला. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ते त्या दिवसांत हेच सांगत: जाहिरात लागली की आवाज बंद.

पण अप्पांची खरी जाहिरात लागायच्या पहिल्याच दिवशी त्यांना घरी बसवेना. ऐकल्यावर तिचं तोंड कसं होतं, ते न बघता राहणंही जमेना. सातला पाच कमी असताना ते साखराबाईच्या दारात उभे राहिले. तिने पाट दिला, पाणी दिलं. बातम्या सुरू झाल्या. कुणाची तरी म्हैस विहिरीत पडून सुखरूप निघाली होती.

म्हैस संपली. पडद्यावर घाणा आला, पांढरा सदरा आला. टीव्हीतल्या अप्पांनी तोंड उघडलं, आणि साखराबाईचा अंगठा ठिपक्यावर गेला.

घरात शांतता झाली. पडद्यावरचे अप्पा बोलत होते, आवाज नव्हता. तिने शाबासकीच्या अपेक्षेने त्यांच्याकडे बघितलं. "बगा, ध्यानात हाय माझ्या. जाहिरात लागली की बंद."

पडद्यावर अप्पांचा हात डबीवर गेला.

"तुमची असली तर आवाजाची गरजच न्हाई," साखराबाई म्हणाली. "डबीला हात लावला की कळतंय मला काय सांगून राहिलाव ते. तेल घ्या, गोळी सोडा."

"गोळी… तुमी घेताव न्हवं? डॉक्टरांनी दिलेली?"

साखराबाई गूढ हसली. तिने उशाखालची पाकिटं काढून दाखवली. दवाखान्यातून आली तशीच होती, एकही गोळी फोडलेली नव्हती. "डॉक्टर गोळीच सांगणार की अप्पा. त्येचं दुकानच गोळ्यांचं. तुमीच तर म्हणताव, ज्याचं त्यो दुकान चालवून राहिला. तुमी तेवढं तसले न्हाई."

अप्पांनी आयुष्यभर गावाला शंका घ्यायला शिकवलं होतं. साखराबाई ती नीट शिकली होती. तिने सगळ्या जगावर शंका घेतली होती, एका माणसाला सोडून.

अप्पा उठले आणि त्यांनी भिंतीवरच्या बटणानेच टीव्ही बंद केला. मग येऊन तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले.

"साखराबाई, ते खोटं होतं."

"काय खोटं?"

"टीव्हीवरचं. तेलानं बीपी जात न्हाई. डबीला हात लावला त्यो भेसळ न्हाई म्हणून लावला होता. वरचं बोलणं दुसऱ्याचं, मागून चिकटवलेलं. माझ्या पोरानं ते लावलं. मला ठावं नव्हतं, पर तुमी पडल्यावर ठावं झालं, आणि त्येच्यानंतर बी म्या आठ दिवस तुमाला सांगितलं न्हाई. माझी हिंमत झाली न्हाई."

अप्पांचा हात सवयीने सदऱ्याकडे निघाला होता, त्यांनी तो अर्ध्यात खाली घेतला. आज डबीच्या आड लपायचं नव्हतं.

"म्हंजी आता तुमचं बी चव बगूनच घ्यावं लागंल," साखराबाई म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो अप्पांनी निमूटपणे घेतला.

"हाव," ते म्हणाले. "बगूनच घ्या. कवाबी."

त्यांनी पाकीट उचललं. त्यातली एक गोळी फोडून काढली. साखराबाईने तोवर पदराने डोळे पुसले आणि दुकानाच्या पायरीवर करायची तसा उजवा हात पुढे केला. अप्पांनी तिच्या तळहातावर गोळी ठेवली. तिने ती एकदा हुंगून बघितली, मग तोंडात टाकून पाणी प्याली.

अप्पा बाहेर आले. सव्वासात झाले होते आणि गल्लीतल्या घराघरांत टीव्ही चालू होते. दोन महिने दुकानात बसून त्यांनी किती जणांना तेल दिलं, किती जणांनी हात पुढे केला नाही, हे त्यांना एकेकाच्या तोंडासकट आठवत होतं. पहिलं घर ज्ञानोबा शिंप्याचं. खिडकीतून पडद्याचा उजेड दिसत होता आणि आवाज येत नव्हता.

अप्पांनी चपला काढल्या आणि दाराची कडी वाजवली.